डोम्नामावशीचा खांब

आमच्या गावात दुकान जागेचं नसतं, खांबाचं असतं. राजरस्त्याच्या दोन्ही अंगांना खांबांची रांग. ज्याचा खांब, त्याची सावली. डोम्नामावशीला तिचा खांब आईकडून मिळाला होता. त्याला शेगडी टेकवून ती हरभरे भाजायची आणि गिऱ्हाइकाला बोलू द्यायची नाही. मी शेजारच्या खांबाचा चांभार. माझ्या चपलांना तिच्या धुराचा वास लागायचा. तक्रार केली की ती मूठभर हरभरे माझ्या हातावर ठेवून मला गप्प करायची.

मग बिशपांनी नवं चर्च बांधायला काढलं. पूर्वी असली कामं नगरसभा करायची. आता नगरसभेतली बडी मंडळी बिशपांच्या दारात खोकत उभी असतात. जुनी देवळं पाडून दगड आले, खांब कमी पडले, म्हणून आमच्या रस्त्याचे उचलले. बदल्यात आम्हाला आशीर्वाद मिळाला. मी तो घेऊन गुमान घरी गेलो. मावशी शेगडी उचलून तडक चर्चमध्ये गेली आणि आपल्या खांबाशी बसली. तिला बाहेर काढलं, ती पुन्हा आली. शेवटी तिने फिर्याद लावली. हल्ली गावचे तंटे बिशपच तोडतात, त्यामुळे बिशपांविरुद्धची फिर्याद बिशपांपुढेच उभी राहिली.

अडचण वेगळीच होती. त्या खांबावर कमरेच्या उंचीला एक काळा डाग होता. बाहेरगावच्या कुणीतरी म्हटलं, आगीतून निघालेला हुतात्मा इथे टेकला होता. गावालाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. बायका त्यावर रुमाल घासून तापलेल्या पोरांच्या कपाळी लावू लागल्या. बिशपांनी त्या डागावर प्रवचनही केलं होतं, आणि ते छान रंगलं होतं.

सुनावणी चर्चमध्येच झाली, साक्षीला मी होतो. खांब तुझाच कशावरून, असं बिशपांनी मावशीला विचारलं.

"तो डाग बघा ना, बाबा," मावशी म्हणाली. "आधी आईच्या, मग माझ्या शेगडीचा."

बिशपांनी वर, स्वतःच्याच छताकडे पाहिलं. "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. आणि मला काय करायचंय? बसायला जागा द्या."

निकाल लागला. खांबावर छत चढलंय, तो हलणार नाही. पण चर्चच्या ओसरीतला, दाराजवळचा एक खांब मावशीचा, कायमचा. आता उपासाचे भुकेले लोक प्रार्थना आटोपून बाहेर पडतात ते थेट तिच्या शेगडीवर. बिशपांचा माणूसही येतो, आणि घासाघीस करतो.

हुतात्म्याच्या सणाला मी तिला आत रांगेत पाहिलं. तिने डागावर रुमाल घासला, कपाळाला लावला. मला हसू आवरेना.

"मावशी, अगं, तुझीच काजळी ना ती?"

"वरची माझी," ती रुमालाची घडी घालत म्हणाली. "खालची आईची आहे."