टापटीप काकूंची चौकट

सगळं गाव त्यांना टापटीप काकू म्हणायचं, आणि उगाच नाही. म्हैस वाकडी उभी राहिली तर तिला सरळ करून मगच काकू धार काढतात, असं त्यांचे दीर सांगत. दिरांचं बोलणं निम्मं सोडून द्यावं, पण उरलेलं निम्मं खरं असे!

तर त्या साली पावसानं दगा दिला आणि उरलीसुरली हौस बाजारभावानं फेडली. अशा वर्षी सरकार अनुदान देई, पण घरोघरचं शेत बघून नव्हे. चिठ्ठी टाकून गावातलं एक शेत काढायचं, त्यात खुंट्या ठोकून दोरीची चौकट आखायची आणि गहू पिकला की तेवढाच कापून तोलायचा. चौकटीत भरेल तेच गावाचं पीक. कमी भरलं तर साऱ्यांना मदत, भरपूर भरलं तर बसा हात चोळत.

चिठ्ठी काकूंच्या शेताची निघाली. सरकारी मोजणीदार चौकट आखून गेला आणि काकूंना घोर लागला. साहेब लोक वाकून वाकून बघणार, आणि त्यांना दिसणार काय, तर मरगळलेली रोपं? पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण नको झाडायला? काकूंनी पदर खोचला. विहिरीवरून घागरी वाहिल्या, तण वेचलं, खत घातलं, पण सगळं तेवढ्या चौकटीपुरतंच. चौकट अशी तरारली की बाकीचं शेत तिच्यापुढे सावत्र वाटावं.

दीर सहज बांधावर आले ते डोक्याला हात लावून खालीच बसले.

"वहिनी, अहो गाव बुडवलंत की!"

"का? चांगलं नाही दिसत?"

"दिसतंय, तेच तर! सरकार म्हणेल, यांच्याकडे सुकाळ आहे."

काकूंचा चेहरा उतरला. शेजारची शिंपीण नवऱ्यामागे एकटीच शेत ओढत होती. पुढचं बियाणं ती या मदतीवरच आणणार होती.

"माझ्या शेळ्या सोडतो तासभर," दीर म्हणाले. "मुक्या जनावराला कोण जाब विचारतंय?"

"भरल्या ओंब्यांत शेळ्या? माझ्या देखत नाही, भाऊजी. मी साहेबांनाच सांगते."

"सांगा! म्हणजे लबाडी केली म्हणून सगळंच रद्द!"

कापणीच्या दिवशी गाव बांधावर जमलं. मोजणीदारानं विळा काढला तशा काकू आडव्या आल्या. "साहेब, थांबा. हिला मी पाणी घातलंय, खत घातलंय. चूक माझी एकटीची. गावाला त्याची शिक्षा नको."

मोजणीदार चौकटीकडे बघत राहिला आणि मग त्याला हसू फुटलं. "काकू, जनावरांनी खाल्लेली चौकट बघितली, जळालेली बघितली. न्हाऊमाखू घातलेली आजच बघतोय! ही बाद. दुसरी चिठ्ठी काढू."

निघालं दिरांचं शेत. गावाचा जीव भांड्यात पडला, कारण त्या शेतात कुणी काही केलेलं नव्हतं, खुद्द दिरांनीसुद्धा. नवी चौकट आखली आणि काकूंचे हात शिवशिवले.

"भाऊजी, कडेचं एवढंसं तण—"

"वहिनी, हात मागे!"

दुष्काळ होता तसाच तराजूत उतरला. यथावकाश मदत आली, शिंपिणीचं शेत पेरलं गेलं. पण ते पुढचं. त्या दिवशी मोजणीदार तराजू आवरत होता, तेव्हा काकू हळूच त्याच्याजवळ गेल्या.

"साहेब, बाद झाली ते ठीक. पण आमची चौकट होती कशी?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काकू, असा गहू मी जन्मात पाहिला नाही."

घरी जाताना काकूंची चाल काय वर्णावी!