रतनशेठच्या तोंडासमोर

रोज सकाळी समोरच्या रतनशेठच्या बुटांच्या दुकानाचं शटर वर गेलं की सुरेखाताई त्याला एक शिवी हासडायची आणि मगच आमचा थ्रीडी प्रिंटर चालू करायची. ती शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. बेलापुरात दुसरीकडे बरा गाळा मिळत होता, पण तिने हट्टाने त्याच्या तोंडासमोरचाच घेतला. "त्याला मी दिसले पायजे. रोज," म्हणायची.

कारण तिची आई. माईंना जुनी शुगर, तळपायांना काही कळत नसे. रतनशेठने मापाचे म्हणून जे बूट दिले ते तयार होते. आतला छापील नंबर त्याने खरवडून काढला होता. बूट चावत राहिला आणि माईंना पत्ताच नाही. मोज्याला रक्त दिसलं तोवर उशीर झाला होता. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. रतनशेठ मात्र, बाईनेच हयगय केली, असं गावभर सांगत फिरला.

सुरेखाताई तेव्हा कारखान्यात यंत्रांचे सेन्सर सांभाळायची. नोकरी सोडून ती बुटांच्या मागे लागली. मोबाईलने पाय सगळ्या बाजूंनी टिपायचा, कॉम्प्युटरवर तळ आखायचा, प्रिंटरवर काढायचा आणि त्यात दाबाचे सेन्सर बसवायचे. एकाच जागी फार दाब आला की नडगीवरचा पट्टा थरथरे आणि माणूस सावध होई. वरचं चामड्याचं शिवणकाम माझं. माप ती फक्त संध्याकाळी, पाय दिवसभराने सुजल्यावरच घ्यायची. "सकाळचा पाय लबाड असतोय," म्हणत देवळालीहून पहाटे निघून आलेल्यांनाही बसवून ठेवायची. लोक कुरकुरत, पण पायाला लागणारा तिचा हात फार मऊ होता.

रतनशेठची गिऱ्हाइकं एकेक करून आमच्याकडे वळली. दर वेळी ती त्याच्या दुकानाकडे बघून हसायची. मला ते हसू आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग रतनशेठलाच शुगरने गाठलं. तळपायाला जखम झाली आणि डॉक्टरांनी आमच्याकडेच धाडलं. मला वाटलं, ही हाकलून देणार. तिने त्याला संध्याकाळपर्यंत गाळ्यात बसलेल्या माईंच्या समोर बसवलं आणि अप्रतिम बूट केला. फक्त पट्ट्याऐवजी मोठ्याने वाजणारा बझर लावला. भर दुकानात बूट वाजायचा आणि गिऱ्हाइकं विचारायची, शेठ, हा कुठून केला? काढून ठेवायची सोय नव्हती. पाय गेला असता.

आवाज बंद कर म्हणून तो विनवायला आला तेव्हा ती म्हणाली, "आईसमोर कबूल कर, नंबर खरवडून बूट दिला म्हणून. लगेच बंद करते."

तो वाजत्या बुटाने रस्ता ओलांडून परत गेला.

गेल्या उन्हाळ्यात घोडेगावला बूट पोचवून येताना सुरेखाताईच्या स्कूटीला टेम्पोने उडवलं. जागच्या जागी गेली. मला कितीतरी दिवस सुई हातात धरवेना. गाळा मात्र आम्ही सोडला नाही. माई रोज येऊन बसत.

एक दिवस रतनशेठ आला. माईंसमोर खाली बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "माई, माप न्हवतं घेतलं. तयार बूट हुता. नंबर मीच खरवडला."

सुरेखाताईला एवढंच ऐकायचं होतं. माझे डोळे भरून आले. तिने शब्द दिला होता म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि त्याच्या बुटाला हात घातला. माईंनी माझं मनगट धरलं.

"जिला ऐकायचं हुतं, ती गेली," त्या म्हणाल्या. "वाजू दे."

मी स्क्रू-ड्रायव्हर डब्यात टाकला. मला बरं वाटलं.