केसभर उशीर

फरशी बसवणाऱ्या माणसाचे गुडघे चाळिशीतच म्हातारे होतात. भोवऱ्याचे तर त्याआधीच झाले होते, कारण फरशीला हात लावण्यापूर्वीची पंधरा वर्षं तो ब्रेकडान्स करत होता. भोवरा हे नाव तेव्हाचंच. डोकं जमिनीला टेकवून, पाय वर करून तो अशा गिरक्या घ्यायचा की बघणाऱ्याला घेरी यावी. टाळूवरच्या मधल्या जागेत केस उगवायचे बंद झाले ते कायमचे. बायको म्हणायची, "लोकांना टक्कल वयानं पडतं, यांना हौसेनं पडलं."

नाचणं सुटलं तरी त्या जगानं त्याला सोडलं नव्हतं. वर्षातून दोन-तीनदा त्याला परीक्षक म्हणून बोलवत. तो कुणाचा गुरू नव्हता, कुणाच्या टोळीत नव्हता, आणि कुणी कितीही गोड बोललं तरी पाघळत नव्हता. एक खोड मात्र होती. ‘का’ हे कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. एखाद्या स्वयंपाकघरात एकच फरशी तडकली, तर दुसरा कारागीर ती बदलून मोकळा होईल. हा पठ्ठ्या तिच्यापुढे मांडी घालून बसायचा. शेजारच्या सहा धड आहेत, मग हीच का तडकली?

ब्रेकडान्सच्या सामन्यात दोघं समोरासमोर उभे राहतात. एकानं नाचायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. कुठलं गाणं लागणार हे कुणालाच ठाऊक नसतं, ते डीजेच्या मर्जीवर. शेवटी तीन परीक्षक एकाच वेळी हात करतात, डावीकडे किंवा उजवीकडे. ज्याच्याकडे दोन हात तो जिंकला. कारण कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

त्या वर्षीची स्पर्धा बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होती. अंतिम सामन्यात एका बाजूला होता लंबू नावाचा उंचेला, लांबलचक पायांचा पोरगा, आणि दुसऱ्या बाजूला मुंगी. मुंगी वीस-एकवीस वर्षांची, लंबूच्या खांद्यापर्यंतसुद्धा न येणारी, पण अंगात बळ असं की नाव सार्थ वाटावं. हातांवर उभी राहून ती स्वतःची घडी घालायची, कागदाची घालावी तशी. आधी कंबर, मग गुडघे, मग एका कोपरावर येऊन जागच्या जागी थिजायची. असं भोवऱ्यानं आजवर कुणाचं पाहिलं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेवर आला होता.

पण काहीतरी खटकत होतं. थिजायचा क्षण ठेक्यावर पडायला हवा. तिचा कधी अचूक पडत होता, कधी केसभर मागे. लंबूचं नाचणं तसं पाठ केलेलं, पण ठेका त्यानं एकदाही सोडला नाही.

भोवऱ्यानं हात लंबूकडे केला. बाकी दोघांनी मुंगीकडे. मुंगी जिंकली, आणि हॉलमधल्या अर्ध्याअधिक लोकांनी टाळ्या वाजवण्याऐवजी दोन्ही हात वर करून हवेत हलवले. भोवऱ्याला नवल वाटलं.

जिन्यावर आयोजकानं त्याला गाठलं. आयोजक म्हणजे एका व्यायामशाळेचा मालक, घामाघूम गडी. "अहो, काय केलंत हे! तिला ऐकू येत नाही. जन्मापासून. म्हणून तर लोक टाळ्यांऐवजी हात हलवत होते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही," भोवरा म्हणाला. आणि लगेच विचारलं, "मग ती नाचते कशावर?"

"तुम्हाला आत्ता हे सुचतंय? लोक काय म्हणतील ते बघा!"

लोक काय म्हणाले ते दुसऱ्या दिवसापासून फोनवर दिसू लागलं. कुणीतरी मुंगीच्या विजयाचा व्हिडिओ टाकला, आणि तिच्या विरुद्ध गेलेल्या त्या एकट्या हाताभोवती लाल गोल काढला. दगड, पाषाण, आंधळा. एकानं तर लिहिलं, ऐकू तिला येत नाही की याला? भोवऱ्याची बायको शाळेचे गणवेश शिवायची. मशीन थांबवून तिनं सगळं वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, ती खरंच चुकली होती का?"

"केसभर."

"आणि ऐकू येत नाही हे आधी कळलं असतं तर?"

"तर मी जास्त लक्ष देऊन बघितलं असतं. हात लंबूकडेच गेला असता."

"मग माफी कसली मागायची?" असं म्हणून तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. भोवऱ्याच्या मनात मात्र माफीचा विषयच नव्हता. त्याला छळत होतं ते वेगळंच. ऐकू न येणारी मुलगी दहातल्या सहा वेळा अचूक येते कशी? आणि सहा वेळा येते, तर उरलेल्या चार वेळा का नाही?

आठवड्याभरानं तो एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर न्हाणीघराचे सांधे भरत होता. दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक मुंगी. दुसरी तिची मावशी, ठसठशीत बाई, जिना चढून धापा टाकत होती तरी बोलायचं थांबत नव्हती.

"तुम्हीच का ते?" मावशी म्हणाली. "पोरीनं दोन वर्षं रक्त आटवलंय, आणि तुम्ही..."

मुंगीनं तिचा दंड धरला आणि हातांनी तीनच खुणा केल्या. मावशीनं त्यांचा अर्थ सांगायला चांगली दोन मिनिटं घेतली. त्यात पोरीची आई लवकर गेली, तिला आपणच कसं वाढवलं, आणि माणसानं थोडी तरी माया ठेवावी, हेही आलं. मुंगी तिच्या ओठांकडे बघत होती. शेवटी तिनं कपाळाला हात लावला आणि खिशातून फोन काढून स्वतःच दोन शब्द लिहिले. स्क्रीन भोवऱ्यासमोर धरली.

‘कुठे चुकले?’

थापी खाली ठेवताना भोवऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. मावशीला वाटलं हा टिंगल करतोय. "हसता काय? बाकीच्या दोघांना विचारून आलोय आम्ही. दोघंही म्हणाले, सगळं सुंदर होतं."

मुंगीनं लिहिलं, ‘सुंदर ऐकून काय करू? दोघांनाही माहीत होतं मला ऐकू येत नाही. तुम्हाला नव्हतं. म्हणून आले.’

भोवऱ्यानं हात धुतले, सिमेंटच्या दोन पोत्यांवर पुठ्ठा टाकला आणि दोघींना बसवलं. मुंगीच्या फोनवर अंतिम सामना लावला. ठेका पडेल तिथे तो बोटानं तिच्या तळहातावर टिचकी मारायचा, म्हणजे चित्रातलं तिचं शरीर आणि तळहातावरचा ठेका तिला एकदम कळेल. पहिल्या उशिराला तिनं स्वतःच फोन थांबवला. मान हलवली. कळलं. दुसरा. तिसरा. चौथा.

"चार वेळा," भोवरा म्हणाला. "आता सांग, बाकीच्या वेळी तू ठेका धरतेस कुठून?"

तिनं डोळ्यांकडे बोट केलं. मग स्क्रीनवरच्या डीजेच्या खांद्यावर. डीजे नाचणाऱ्यांसारखाच डुलतो, त्याचा खांदा ठेक्याबरोबर खाली येतो. भोवऱ्यानं हलकीच शीळ घातली आणि पुन्हा ते चारही क्षण एकेक करून बघितले. चारही वेळा मुंगीची पाठ डीजेकडे होती.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. राग विसरून तीही पुठ्ठ्यावर पुढे सरकली होती.

"आणि सराव करतेस तिथे? तिथेही खांदाच बघतेस?"

मुंगी एकदम भराभर लिहायला लागली. ती छापखान्यात कामाला होती, कागदाच्या घड्या घालणाऱ्या मशीनवर. मशीन अडकणार असेल तर ते बाकीच्यांना आवाजावरून कळायच्या आधी तिला टेबलावर ठेवलेल्या तळव्यातून कळायचं. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीची खोली होती, तिथे ती सराव करायची. स्पीकर जमिनीवरच ठेवलेला असायचा. ठेका पायातून यायचा, हातांवर असेल तर मनगटातून, डोक्यावर असेल तर दातांतून.

‘हॉलमध्ये काहीच आलं नाही,’ तिनं लिहिलं. ‘खालून मेलेली जमीन होती.’

भोवऱ्याला आता राहवेना. दुसऱ्याच दिवशी तो बॅडमिंटनच्या हॉलमध्ये गेला, कोपऱ्यातलं आच्छादन उचललं, गुडघ्यावर बसून ठोकून बघितलं. खाली हातभर काँक्रीट, वर मऊ गादीसारखा थर, त्यावर प्लास्टिक. स्पीकर छताला टांगलेले. अशा जमिनीतून हत्तीचा पायसुद्धा कळला नसता.

सहा महिन्यांनी पुढची स्पर्धा ठरली. लोकांचा राग तोवर दुसऱ्या कुणावर तरी गेला होता, आणि आयोजकानं भोवऱ्याला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावलं. भोवरा व्यायामशाळेत जाऊन म्हणाला, "हॉलमधली जमीन बदला. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर प्लायवूड, आणि खर्जाचे स्पीकर त्याच सांगाड्यावर ठेवा. ही एकट्या पोरीसाठी सोय नाही. लाकूड सगळ्यांच्याच मनगटांना बरं."

"करणार कोण?"

"मी करतो. सुतार मिळाला तर दोन दिवसांत."

"मग झालं तर! जमीनही तुम्हीच करा, खुर्चीतही तुम्हीच बसा."

भोवऱ्यानं मान हलवली. "दोन्ही नाही जमायचं. जमीन माझी असली की तिचा प्रत्येक पाय बरोबर पडावा असं मला वाटणार. तिचा पाय पडला की मी म्हणणार, बघा माझं काम! मग मी तिच्याकडे हात करेन का माझ्या फळ्यांकडे, ते माझं मलाच कळणार नाही."

"कुणाला कळतंय हो ते?"

"मला," भोवरा म्हणाला.

खुर्ची सोडताना त्याला वाईट वाटलंच. वर्षातले ते दोन-तीन दिवसच तर तो भोवरा असायचा, बाकी सगळं वर्ष फरशीवाला. पण जमीन तयार करण्यात त्याचं मन रमलं. सुतारानं सांगाडा ठोकला, भोवऱ्यानं पाणसळ लावून उंची जुळवली. सामन्यात उतरणाऱ्या सगळ्यांना त्यानं आदल्या दिवशी जमीन तपासायला बोलावलं. लंबू उड्या मारून म्हणाला, "काका, इथं उडी चार बोटं जास्त जाते!" स्पीकर सुरू केल्यावर मुंगी डोळे मिटून जागोजागी उभी राहिली, आणि ठेका कळेल तसं एक बोट वर करत गेली. दाराजवळच्या कोपऱ्यात बोट अडखळलं. सुतार कुरकुरला, "एका कोपऱ्यानं काय बिघडतं?" पण भोवऱ्यानं तिथली फळी उचलायला लावली. खाली पट्टी सैल होती. ती ठोकल्यावर बोट वर आलं.

स्पर्धेच्या दिवशी भोवरा प्रेक्षकांत मावशीशेजारी बसला. पहिल्या दोन सामन्यांत मुंगीनं कमाल केली. पाठ डीजेकडे असो नाहीतर पोट, कोपर टेकत होतं ते नेमकं ठेक्याच्या डोक्यावर. मावशीनं भोवऱ्याच्या मांडीवर बुक्क्या मारून मारून ती सुजवली.

उपांत्य सामन्यात समोर आला एक टपालवाला. तिशी ओलांडलेला, किरकोळ, पोटऱ्या मात्र सायकल चालवून दगडासारख्या. मुंगीनं जीव ओतून पहिला डाव मांडला. टपालवाला पुढे आला आणि चक्क उभाच राहिला. ठेके पडत होते, हा हलेना. लोक हसू लागले. मग गाण्यात ढोल थांबले, क्षणभर शांतता झाली, आणि नेमका त्या शांततेत तो जमिनीवर पसरला, फिरला, आणि ढोल सुरू होताच पुन्हा जागीच थिजला. त्यानं सगळा डाव असाच खेळला. गाणं जिथे नव्हतं तिथे तो नाचला.

तिन्ही हात टपालवाल्याकडे गेले.

मावशीचा पारा चढला. "आता का हो? आता तर वेळेवर होती ना पोरगी?"

"अगदी वेळेवर होती."

"मग तुम्ही असतात तर?"

"मीही त्याच्याकडेच हात केला असता."

मावशीनं त्याच्याकडे पाठ केली. तेवढ्यात मुंगी घामानं निथळत आली. रडवेली असेल असं भोवऱ्याला वाटलं होतं, पण तिचे डोळे लकाकत होते. हात इतके भराभर चालले की मावशीला राग बाजूला ठेवून अर्थ सांगावाच लागला.

"ती म्हणतेय, तो ठेका सोडून नाचला, आणि तरी चुकला नाही. तिला पायातून कळत होतं, तो प्रत्येक वेळी रिकाम्या जागी होता. ढोल थांबणार हे त्याला आधी कसं कळतं? गाणं तर कुणालाच माहीत नसतं."

वीस वर्षांत भोवऱ्याला कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता.

"मला नाही माहीत," तो म्हणाला, आणि त्याला कमालीचं बरं वाटलं. "चल, विचारू."

टपालवाला हॉलच्या मागच्या पायरीवर बसून पाणी पीत होता. अंतिम सामन्याला अजून अर्धा तास होता. तिघं आपल्याकडेच येताना बघून तो जरा बावरला. मावशीनं प्रश्न सांगितला, या वेळी एकही शब्द पदरचा न घालता. टपालवाल्यानं मुंगीकडे पाहिलं, मग भोवऱ्याच्या टाळूकडे, मग डोकं खाजवलं.

"बोलून नाही सांगता येणार मला," तो म्हणाला. "करून बघायला लागेल. बूट काढा."

हॉल जेवणासाठी रिकामा झाला होता. डीजेला अर्धी पोळी हातात घेऊनच परत यावं लागलं. टपालवाला मध्ये, त्याच्या एका बाजूला मुंगी, दुसऱ्या बाजूला दुखरे गुडघे सांभाळत भोवरा, तिघंही अनवाणी फळ्यांवर उभे राहिले. मावशी कडेला तीन जोड बूट सांभाळत ओरडली, "अहो, मलाही कळू द्या की काय चाललंय!" आणि तिनंही आपल्या चपला काढल्या.