पिवळ्या खुणेपर्यंत ओढलेली दोरी

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. रविवारी धरणावर जत्रा भरते, गुरुवारी पाणी मोकळं असतं. कंपनीच्या वेळापत्रकाबद्दल मी आजवर चांगलं बोललो असेन तर तेवढ्या एका कारणासाठी.

मी चाकणला टूलरूममध्ये तपासणीवर आहे. दुसऱ्याने मन लावून केलेल्या कामात खोट काढायची, हे माझं काम. बायको म्हणते, ही सवय गेटवर ठेवून येत जा. मला ते जमलेलं नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझ्याच कंपनीत मेंटेनन्सला फिटर होता, आणि पिंपळे गुरवला माझ्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहायचा. लातूरकडचा. वजन माझ्या दीडपट, राग माझ्या निम्मा.

माणमध्ये राहणारा एक आयटीवाला परदेशी निघाला होता. त्याची विंडसर्फिंगची फळी, दोन शिडं, काठी, सगळा संच आम्ही दोघांनी मिळून घेतला. या फळीखाली पाण्यात एक पातळ खांब असतो आणि खांबाच्या टोकाला छोट्या विमानासारखा पंख. त्याला फॉइल म्हणतात. शिडात वारा भरून फळीने वेग घेतला की तो पंख तिला पाण्याच्या वर उचलतो. मग फळीचा पाण्यावरचा खळखळाट एकदम बंद होतो आणि माणूस हवेतून गेल्यासारखा जातो. आम्ही त्याला सरळ ‘उडणं’ म्हणायचो. मी दुसऱ्या महिन्यात उडालो. तो दोन वर्षं उडाला नाही. जोराच्या वाऱ्यात तो आपटायचा, हलक्या वाऱ्यात फळी उठायचीच नाही.

शीड लावायचं काम माझं होतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. मीच घेतलं, कारण दुसऱ्याने केलेलं मला पटत नाही. आधी वारा बघायचा. पाण्यावर पांढऱ्या लाटा असतील तर छोटं शीड, नुसती शिरशिरी असेल तर मोठं. मग काठी शिडात सरकवायची आणि काठीच्या बुडाशी असलेल्या चाकीतून दोरी ओढायची. दोरी जितकी ओढाल तितकं शीड ताठ आणि सपाट होतं. ढिलं काही दिसलं की माझा हात शिवशिवतो. कंपनीत ढिलं म्हणजे रिजेक्ट.

कंपनीत नट आवळून झाला की त्यावर पिवळ्या मार्करने रेघ मारतात. रेघ असली म्हणजे काम झालंय, तपासलंय, आता कुणी हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा उडालो त्या दिवशी वारा जोरात होता आणि दोरी मी जीव खाऊन ओढली होती. बाहेर आल्यावर खिशातला मार्कर काढला आणि दोरीवर रेघ मारली. त्या दिवसापासून, शीड कुठलंही असो, वारा कसाही असो, रेघ चाकीला भिडेपर्यंत ओढायचं. मी ते त्याला इतक्या वेळा ऐकवलं की तो दोरीला हात लावायचाच बंद झाला.

मग कंपनीने त्याची लाइन दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं. तिकडे जा, नाहीतर राजीनामा द्या. त्याने राजीनामा दिला आणि गावी जायचं ठरवलं. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “गावाकडं पाणी टँकरनं येतंय, तिथं फळी कुठं टाकू? जायच्या आधी एकदा उडायचं हाय राव. एकदाच.”

चार गुरुवार हातात होते. आणि ते दिवस हलक्या वाऱ्याचे. दुपारी डोंगरावरून झुळूक उतरते, पाण्यावर शिरशिरी उठते, तासाभरात पडते. ज्यांच्या शेतात आम्ही गाडी लावायचो ते म्हातारे तर आम्हाला बघूनच म्हणायचे, “वारं न्हाई आज, कशाला आलात.”

पहिल्या तीन गुरुवारी मी मोठं शीड लावलं, रेघेपर्यंत ओढलं आणि त्याला पाण्यात पाठवलं. काठावरून मी ओरडत होतो. गुडघे वाकव, मागचा पाय दाब, शिडाला पंप मार. पंप म्हणजे शीड पंख्यासारखं मागेपुढे झटकून वेग काढायचा. तो दमछाक होईपर्यंत झटकायचा, फळी पाण्याला चिकटून राहायची. तिसऱ्या गुरुवारी तर मी परतीच्या वाटेवर त्याला सरळ सुनावलं की वजनाचं काहीतरी बघ, हे असं नाही व्हायचं. तो मान डोलावत गाडी चालवत राहिला.

चौथ्या गुरुवारी सकाळीच कंपनीने मला ऑडिटच्या तयारीला बोलावून घेतलं. सुट्टीच्या दिवशी. मी दात-ओठ खात गेलो. तो सामान घेऊन एकटाच पुढे गेला. मी धरणाच्या फुगवट्यावर पोचलो तेव्हा दुपार उतरली होती, झुळूक सुरू होती आणि त्याने स्वतःच मोठं शीड लावून ठेवलं होतं.

ते बघून माझं डोकंच फिरलं. काठीला लागून चुण्या पडल्या होत्या. शिडाला मधे पोट सुटलेलं. रेघ चाकीपासून दोन बोटं लांब. खांदा दुखत होता, एकट्याने याहून जास्त ओढवलं नाही, असं त्याने सांगितलं. मी म्हणालो, सोड सगळं, परत लावतो. त्याने फळी पाण्यात ढकलली.

“वारं जाईल राव,” एवढंच म्हणाला आणि गेला.

मी काठावर उभा राहून मनात बोलत होतो की आता हा शेवटचा दिवसही घालवणार. त्याने शीड तीनदा झटकलं. चौथ्यांदा झटकलं आणि खळखळाट थांबला. तो वर होता. नव्वद किलोचा माणूस पाण्यापासून हातभर वर, समोरच्या काठाकडे निघालेला, आणि आवाज म्हणून नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. पण त्या पोट सुटलेल्या शिडाकडे नजर गेली आणि माझे हात खाली आले.

जोराच्या वाऱ्यात शीड सपाट ओढायचं, म्हणजे जास्तीचा वारा निसटून जातो. हलक्या वाऱ्यात त्याला पोट ठेवायचं, म्हणजे थोडकाच वारा असतो तो धरून राहतो. यात काही अवघड नाही. संच देताना त्या आयटीवाल्याने सांगितलंही होतं, हलक्या वाऱ्यात दोरी जरा सोडा म्हणून. मी हो हो म्हणालो होतो. आयटीवाल्याकडून दोरी कशी ओढायची ते शिकायचं, हे मला जिवावर आलं होतं. मग दोन वर्षं मी मोठं शीड निवडत होतो आणि त्याचं पोट स्वतःच्या हाताने काढून टाकत होतो.

तो तीन फेऱ्या मारून आला. तोंडभर हसत होता. म्हणाला, तू एवढे दिवस पंप मार, पंप मार म्हणून डोकं खात होतास, ते आज कुठं अंगात उतरलं. तुझ्यामुळं झालं, म्हणाला.

मला गप्प बसता आलं असतं. दोन-तीन दिवसांनी तो जाणार होता आणि खूश होऊन गेला असता. पण चूक सापडली की ती झाकायची नाही, तिथल्या तिथे लाल टॅग लावायचा, हे माझ्या हाडात भिनलंय. शिवाय खरं सांगायचं तर त्याने माझे आभार मानलेले मला सहन होईनात. मी त्याला दोरी दाखवली आणि सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. रेघ आणि चाकी यांच्यामध्ये आपली दोन बोटं ठेवून बघितली.

“म्हंजे पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

तो ओल्या कपड्यांनिशी फळीवर बसला. पाणी आरशासारखं झालं होतं, म्हणजे आज आता काही नाही. मला वाटलं शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सहा महिनं झालं, मी रात्री जेवत नाही,” तो म्हणाला. “घरवाली रोज विचारती, पोटात दुखतंय का. लेकरं हसतेत. मी म्हणायलो, होईल, वजन उतरलं की होईल.”

हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी वाकून दोरी सोडायला लागलो.

“राहू दे,” तो म्हणाला. “मी सोडतो.”