पिवळं जाकीट

आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीचे सेक्रेटरी पोलीस नाहीत, पण पोलीस ठाण्याने स्वयंसेवकांना दिलेलं पिवळं जाकीट ते दूध आणायला जातानाही घालतात. मूळचे बेळगावकडचे. आवाज मऊ, आणि प्रत्येक हुकूम कानडीतला 'स्वल्प', म्हणजे 'जरा', लावून: "स्वल्प बाजूला व्हा, अण्णा." माझी पत्नी गेली तेव्हा त्यांनीच गाड्या हलवून शववाहिनीला वाट करून दिली. ते मी विसरलेलो नाही.

परवा एका फ्लॅटमधली सोनसाखळी हरवली. त्यांनी तिथे काम करणाऱ्या लक्ष्मीअक्काला क्लबहाउसमध्ये बसवून तिचा मोबाइल काढून घेतला. माझ्या पत्नीला शेवटपर्यंत याच अक्काने भरवलं होतं. मी म्हणालो, "पोलिसांना बोलवा."

"बोलावलंय की. कॉफी घ्यायलेत."

हवालदार खरंच कोपऱ्यात कॉफी पीत होता. कप खाली ठेवून त्याने कानडीत सेक्रेटरींनाच विचारलं, "सर, हिचं काय करू?"

"केस नको. बिचारीचं नाव खराब होतंय," ते मायेने म्हणाले, आणि कामवाल्यांना आत सोडणाऱ्या गेटच्या अ‍ॅपवर त्यांनी तिला ब्लॉक केलं. आसपासच्या सोसायट्यांनाही कळवलं. अक्काची सगळी कामं त्याच दुपारी सुटली.

साखळी पुढे त्याच घरात गादीखाली सापडली. तरी ब्लॉक उठला नाही. "स्वल्प दिवस जाऊ देत," एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी मी अक्काला घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण हिच्यावर केसच नाही," ते म्हणाले. "मग आम्ही हिला सोडवायचं कशातून? तुमच्या सेक्रेटरींना भेटा."