आठव म्हणणारे सर

विसरायची मुभा देवाने सगळ्या मनुष्यजातीला दिली आहे; जळगावकरांपुरती ती आमच्या सरांनी काढून घेतली. सर म्हणजे मला कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे, स्मृती आणि अध्ययन या विषयावर उभा जन्म संशोधन केलेले प्राध्यापक. मी त्यांचा विद्यार्थी, म्हणजे संशोधनातला उंदीर. खरे उंदीर प्रयोगशाळेतल्या लाकडी भुलभुलैयात धावायचे. त्यांना वाट सापडली, मला शेवटी गल्ल्यावर बसायला पाइपांचं दुकान सापडलं.

सरांचा सिद्धांत असा, की ऐकलेलं पुन्हा ऐकून डोक्यात राहत नाही. स्वतःच्याच डोक्यातून ओढून काढलं की राहतं. परीक्षेपुरतं हे ठीक आहे हो, पण सर त्यावर संसार करतात. कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा म्हणून सांगत नाहीत. "सर, धुळ्याची बस किती वाजता?" असं विचारावं, तर "काल सांगितलं होतं. आठव." मला आठवतं तोवर बस पारोळ्याला पोचलेली असते. "बघ, आता ही वेळ विसरशील का कधी?" असं सर वर आनंदाने विचारतात. घरी काकूंना कपाटाची किल्ली हवी असली तरी तेच. शेवटी काकूंनी एका दुपारी सूड घेतला. सर पानावर बसले, पान रिकामं. "आज काय केलंयस?" तर काकू म्हणाल्या, "सकाळी तुम्हाला विचारूनच केलंय. आठवा. आठवलं की वाढते." शेवभाजी आठवेपर्यंत भाकरी गार झाली. पण मला हे सांगताना सरांचा चेहरा पीएचडी मिळाल्यासारखा फुललेला. "पद्धत शिकली रे ती!"

थंडीतल्या भरीत पार्टीचाही त्यांनी प्रयोग करून टाकला. ज्या वासात शिकलं, त्याच वासात ते चटकन आठवतं म्हणे. शेतावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती आणि आम्ही धुराने डोळे पुसत निरर्थक अक्षरं घोकत होतो. पुढच्या रविवारी तेच शेत, तोच जाळ, तशीच वांगी. "मिटा डोळे. काय आठवतं?" मी खोल श्वास घेतला आणि खरं ते सांगून टाकलं, "सर, मागच्या वेळी मिरची जास्त झाली होती." सगळ्यांनी एकमुखाने अनुमोदन दिलं. सरांनी हा निष्कर्ष धुळ्याच्या एका परिषदेत गंभीरपणे वाचला. पहिला प्रश्न आला, "वांगी कुठली होती?"

असा हा माणूस निवृत्तीच्या वर्षी एकदम गप्प झाला. मानसशास्त्र स्पेशलच्या वर्गाला एक नाव कमी पडत होतं. ते मिळालं नाही तर वर्ग बंद आणि प्रयोगशाळेत कुस्तीच्या गाद्या. "मी जाणारच रे," सर म्हणाले, "पण माझ्यामागे वर्ग जायला नको." धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या मुलीला हाच विषय हवा होता, पण वडील जळगावच्या होस्टेलला पाठवायला तयार नव्हते. सरांना मोटरसायकलवर मागे बसवून मी निघालो.

वडिलांनी चहा दिला आणि सरळ विचारलं, "सर, हाई बठ्ठं शिकीसन पोर करी काय?"

बठ्ठं, म्हणजे सगळं, शिकून करायचं काय, याचं उत्तर म्हणून सरांनी मला पुढे ढकललं. "आबा, हा माझा विद्यार्थी. माझ्या पद्धतीने शिकलेलं जन्मभर टिकतं. सांग रे यांना, माणूस का विसरतो?"

मी गोठ्यातल्या म्हशीकडे पाहिलं. तिलाही येत नव्हतं. "सर... विसरलो."

आबा इतके हसले की टोपी बशीत पडली. "टिकनं, टिकनं जन्मभर!" सर मात्र एवढेसे झाले. त्यांचा वर्ग मी त्या अंगणात, म्हशीसमोर बुडवला होता.

तेवढ्यात दारातून मुलगी म्हणाली, "आबा, हाऊ भाऊ बठ्ठं विसरना. का विसरना, तेच माले शिकनं शे."

आबांचं हसू थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ, फार दयेने, माझ्याकडे. "जाय मंग," ते म्हणाले. माझ्या शिक्षणाचा समाजाला झालेला हा पहिला उपयोग.

वर्ग सुरू झाला तोवर सर निवृत्त झाले होते. पहिल्या दिवशी "सहज जाऊन येऊ" म्हणाले, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. वरच्या मजल्यावर तासिका तत्त्वावरच्या नव्या मॅडम शिकवत होत्या. सर व्हरांड्यात खांबाआड उभे राहिले. त्या मुलीने खिडकीतून पाहिलं आणि बाहेर आली. "सर, आत या ना."

"नको गं. आत आलो तर शिकवायलाच लागेन. जा, तास बुडेल."

ती गेली. दार लोटलं गेलं. सर जिन्याकडे वळले, कठड्यावरून हात फिरवत सावकाश उतरले. खाली मी गाडीला किक मारायला पाय उचलला, तर त्यांनी माझा खांदा धरला.

"इथे नको. गेटापर्यंत ढकलत नेऊ," ते हळूच म्हणाले. "वर तास चालू आहे."