आबांचं रक्त आणि आमचे मणी

लॅबमध्ये चार वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. हसून सांगावेत असे थोडेच. बाकीचे सांगताना माझं डोकं अजून तापतं.

आमची लॅब बारामतीत. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची जखम भरत नाही, त्यांच्या रक्तात जखम भरून आणणारं एक प्रथिन, म्हणजे ग्रोथ फॅक्टर, किती आहे ते आम्ही मोजतो. त्यासाठी बाटलीतून रंगीत मणी येतात, धुळीहून बारीक. प्रथिन मण्यांना चिकटतं, मशीन ते वाचतं. मण्यांना गारवा हवा, पण बर्फ नको, आणि उजेड तर अजिबात नको. एवढं साधं पथ्य!

काटेवाडीच्या आबांच्या पायालाही तशीच जखम होती. ते यासाठी दर आठवड्याला रक्त द्यायला यायचे. अशाच जखमेनं त्यांच्या थोरल्या भावाचा पाय गेला होता. "माझ्या रगतात काय कमी हाय, तेवढं कळू द्या," एवढंच त्यांचं मागणं.

*

पहिलीच बाटली स्टोअरच्या साहेबांनी अडवली. मणी कुठे आहेत, हे तर गढूळ पाणी आहे, म्हणून खिडकीपाशी धरून बघत बसले. मी समजावलं, ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यावर साहेब म्हणाले, "दिसत नाही ती वस्तू मी ताब्यात कशी घेऊ?"

दुपारपर्यंत बाटली उन्हात. वर माझ्याकडेच खुलासा मागितला.

*

दुसरी खेप कुरिअरवाल्यानं इंदापूरला रसाच्या गुऱ्हाळावर ठेवली. बारामतीपर्यंत यायचा कंटाळा! गुऱ्हाळवाल्या मावशींनी खोक्यावरचं 'थंड ठेवा' वाचलं आणि बिचाऱ्यांनी ते बर्फाच्या लादीखाली पुरलं. मी पोचले तर बाटली गोठून दगड. मावशी म्हणाल्या, "लई जपलंय बाई, कुणाला हात लावू दिला न्हाय." त्यांच्यावर काय रागावणार? कुरिअरवाल्याला मात्र फोनवर असं झापलं की गुऱ्हाळातली गिऱ्हाईकं रस प्यायची थांबली.

*

आमचे सर काटकसरी. तपासणीच्या ताटलीतल्या प्रत्येक खळग्यात मणी निम्मेच टाका म्हणाले, एवढे बारीक तर आहेत. मी नाही म्हटलं, तर स्वतः हातमोजे चढवून बसले. आकडे असे आले की धडधाकट माणूस आजारी आणि आजारी माणूस पैलवान. सरांनी तेच आकडे मीटिंगमध्ये दाखवले, टाळ्याही घेतल्या. मी मागच्या खुर्चीत दात ओठ खात बसले होते.

*

यंदा खंडेनवमीला मी सुट्टीवर होते. आबांची जखम तोवर भरली होती. सुरुवातीपासूनचे त्यांचे सगळे नमुने डीप फ्रीजरमध्ये होते, कारण एका माणसाचे नमुने एकदमच तपासावे लागतात. दसऱ्यानंतर आले, आधी ते नमुने वितळायला काढले. एकदा वितळले की ते परत गोठवून उपयोग नसतो. मग फ्रीजमधून मण्यांचं खोकं घेतलं, तर झाकणावर हळदीकुंकू, फटीत झेंडूची पाकळी.

सरांना विचारलं. ते अगदी प्रसन्नपणे म्हणाले, की मशीनबरोबर मण्यांचीही पूजा केली, बाटली खोक्यातून काढून समोर मांडली, दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत राहू दिली. उचललं तर देवाचा अपमान नाही का? मग जिथलं तिथे ठेवलं. मला सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

नमुने वितळलेले, दुसरी बाटली नाही. तरी मी ती तपासणी केली. मशीननं सगळीकडे सारखाच आकडा दिला, नुसत्या पाण्याच्या खळग्यातसुद्धा.

संध्याकाळी आबा आले, नवीन धोतर नेसून, सरांसाठी पेरूंची पिशवी घेऊन. सर केबिनमधून बाहेरच येईनात. शेवटी मीच सांगितलं की तुमचं सगळं रक्त वाया गेलं, आणि ते पुन्हा घेता येत नाही, कारण ते जखम उघडी असतानाचं होतं.

आबांनी वहाण काढली, बरा झालेला पाय माझ्या टेबलावर ठेवला आणि केबिनच्या दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "सायेब, कुठनं कापू सांगा."